वाफ शोधण्याची शास्त्रीय पद्धत

मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. गाडीत पेट्रोलचा वास येतो हा काय प्रश्न झाला? शुक्रवारी जेवताना मी तसं जाहीरच केलं.

"रविवारपर्यंत शोध," बाबा म्हणाले. "तुझ्या आईले मळमळून राहिलं. नाही जमलं तर संध्याकाळी शंकर नगरचे शेखरजी गाडी विकत घेऊन जातील."

याच गाडीवर मी चालवायला शिकले होते. ती विकणं शक्य नव्हतं.

मी वहीत नोंदी केल्या. वासाची सुरुवात: दसऱ्याच्या आसपास. टाकी भरल्यावर जास्त. खाली थेंब नाही. म्हणजे पेट्रोल नाही, वाफ गळते. वाफ दिसत नाही, पण धूर दिसतो. म्हणून देवघरातून पेटती उदबत्ती आणली.

आईने ती वाटेतच हिसकावली. "पेट्रोलपाशी विस्तव? काहून वो मंजिरी, कॉलेजात हेच शिकवलं?"

मग साबणाचा फेस. जिथे बुडबुडा, तिथे गळती. हात पोचेल तिथे फेस लावला. बुडबुडे हजारो आले, सगळे माझेच. शेजारच्या कलावतीकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "धूनच राहिली तर आमची बी धून दे." धुवावी लागली.

रविवारी सकाळी बीरगांवला धर्मपालभैयांचं गॅरेज गाठलं. आई पहाऱ्याला मागे बसली होती. मी दहा मिनिटं वाफेचा दाब समजावला. भैयांनी बॉनेट उघडलंच नाही. हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीपाशी थांबले आणि झाकण फिरवलं.

"दीदी, सुनो. तीन टिक पाहिजे. एकच येऊन राहिली."

त्यांनी झाकण उघडलं. रबराच्या रिंगखाली लाल धाग्याचं टोक अडकलं होतं. धागा काढला, रिंग पुसली, झाकण लावलं. टिक, टिक, टिक. असे कान कुठल्याच विद्यापीठात मिळत नाहीत.

"वाफेले एवढीच वाट पुरते," भैया म्हणाले. "पूजेचा दिसते. कोणं बांधला?"

दसऱ्याला आई तो स्टिअरिंगला बांधत होती. मी तिला थांबवून सांगितलं होतं की गाडीची शक्ती येते टाकीतून, तेव्हा शास्त्रीयदृष्ट्या धागा झाकणालाच हवा.

आई खिडकीबाहेर बघत होती.

घरी बाबांनी विचारलं, "काय निघालं?"

"धागा," आई म्हणाली. "पूजेचा." आणि चहा ठेवायला आत गेली.

बाबांनी शेखरजींना नकार कळवला. मी वहीत लिहिलं: कारण, मानवी चूक. मानवाचं नाव मात्र नोंदवायचं राहून गेलं.