ऐकणाऱ्याची सही

जयमालाबाईंना दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक म्हणजे आपल्या हातची भाकरी कधी चिरत नाही, आणि दुसरी म्हणजे तिसरीच्या वर्गाला दिवाळीपर्यंत इंग्रजी वाचायला शिकवणं हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे. पहिल्या गोष्टीवर त्यांचे यजमान प्रसादराव काही बोलत नसत. दुसरीवर त्यांना कुणी विचारत नसे.

नव्या मुंबईतल्या तळवली गावच्या शाळेत बाई जूनमध्ये बदलून आल्या. वर्गात सत्तावीस मुलं, सगळी हुशार, सगळी घसा फोडून सी-ए-टी कॅट म्हणणारी. तोच कॅट पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर भेटला, की मात्र अनोळखी पाहुण्याकडे बघावं तशी बघायची. पाठ सगळं होतं, वाचता काही येत नव्हतं. बाईंनी एकेका अक्षराचा आवाज पकडून मुलांना शब्दांपर्यंत आणलं आणि मग योजना काढली. मुलाने रोज घरी कुणालाही दहा मिनिटं इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवायचं आणि ऐकणाऱ्याने कागदावर सही करायची. एवढंच!

मुख्याध्यापिका सुनयना मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "करा. पण पालकांची एक तक्रार आली की बंद. मग पुन्हा आपलं घोकून घ्यायचं, चाललं होतं तसं."

"तक्रार कशाची येणार, मॅडम? ऐकायचंच तर आहे. शुक्रवारी सत्तावीस कागद सह्यांसकट तुमच्या टेबलावर."

कागद तयार करायचं काम प्रसादरावांनी मागून घेतलं. ते महाप्याच्या एका कंपनीत होते आणि फॉर्म बनवणं हा त्यांचा आवडता छंद होता. त्यांनी वर शाळेचं नाव टाकलं, खाली अनुक्रमांक, घर नंबर, ऐकणाऱ्याची सही. मुलं स्वतःच सही ठोकतील म्हणून दोन साक्षीदारांच्या रेघाही आखल्या. मजकूर इंग्रजीत, कारण शेवटी तोही मुलांना वाचता यावा अशी बाईंची इच्छा. ऑफिसात साधा कागद संपला होता, म्हणून करारनामे छापतात तो लांब कागद वापरला. तो बाईंना इतका आवडला, की त्यांनी प्रत्येकावर शाळेचा गोल शिक्का मारला.

बाई साताऱ्याकडच्या. नव्या मुंबईत बारा वर्षं राहिल्या, पण सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर. जुन्या गावात लांब इंग्रजी कागद, घर नंबर, शिक्का आणि सहीची रेघ एकत्र दिसली की काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हे शहर वसलं ते इथल्या माणसांच्या शेतांवर आणि मिठागरांवर, आणि ती शेतं अशाच कागदांवरून गेली होती. त्यामुळे गावात मूल चालायला लागायच्या आधी त्याला एक गोष्ट शिकवतात. इंग्रजी कागदावर सही करायची नाही.

सोमवारी कागद घरोघर गेले. मंगळवारी एकही परत आला नाही. बुधवारी बाईंनी रुतिकाला उभं केलं. ही वर्गातली सगळ्यात हळू, पण सगळ्यात नीट वाचणारी मुलगी.

"कागद कुठाय गं?"

"आजीने पेटीत ठेवला, बाई. कुलूप लावून."

"कुलूप कशाला?"

"वकिलाला दाखवायचाय. वकील सोमवारी येणारेत."

बाई हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, आणि इथे गाडी घसरली. मेसेज असा होता: 'शुक्रवारपर्यंत कागदावर सही करणे अत्यावश्यक आहे. मुदत वाढवून मिळणार नाही.' सगळ्यांनी तो वाचला. उत्तर कुणीच दिलं नाही.

गुरुवारी त्यांनी प्रसादरावांना गळ घातली, "घरी येताना दोनचार घरांत जाऊन समजावून या ना." प्रसादराव गेले. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात घर नंबरांची यादी. पहिल्या दाराशी त्यांनी नंबर विचारला मात्र, आळीतली दारं एकेक करून लागली. "सर्वेवाला आला," असं एका गच्चीवरून ऐकू आलं. प्रसादराव घरी येऊन म्हणाले, "मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही गं."

शुक्रवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी साठेक माणसं उभी होती. पुढे गावसमितीचे अध्यक्ष जानू पाटील, पांढऱ्याशुभ्र टोपीत. त्यांच्या शेजारी रुतिकाची आजी चंद्राबाई, मासळीची पाटी तशीच बाजारात सोडून आलेली आणि तो कागद छातीशी धरलेली.

सुनयना मॅडम पायरीवर आल्या. "जयमालाबाई, मी एक तक्रार म्हटलं होतं."

जानू पाटलांनी थेट विचारलं, "बाई, आमच्या घरांचं काय चाललंय?"

"अहो, घरांचं काही नाही. मुलांनी वाचायचं, तुम्ही ऐकायचं. थांबा, मीच वाचून दाखवते."

"तुमी नको. कागद तुमचा, तुमी तुमाला पायजे तेच वाचनार."

मॅडमनी वाचायचं म्हटलं, तर शिक्का त्यांच्याच शाळेचा. प्रसादरावांचं नाव निघालं, तर सर्वेवाला म्हणून गलका झाला. शेवटी चंद्राबाईंनी हात वर केला. "माजी रुतिका वाचंल. ती माजी हाय."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. रुतिकाने आजवर मांजर, कोंबडी आणि लाल चेंडू यांच्यापलीकडचं काही वाचलं नव्हतं. इथे ती अडली, तर योजना तर जाणारच, पण चार महिन्यांची मेहनतही सगळ्यांदेखत मातीत जाणार होती. मुलं उद्यापासून पुन्हा घसा फोडायला मोकळी.

रुतिकाने कागद पायरीवर पसरला. शब्दाखाली बोट ठेवलं. साठ माणसं पायरीभोवती वाकली.

"आय," ती म्हणाली. मग बोट पुढच्या शब्दावर अडलं. बाईंचे ओठ हलायला लागले तशी चंद्राबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ओठ मिटले. रुतिका पुटपुटत एकेक आवाज जोडत होती. "लि... लिस... लिस्टन्ड. टु धिस चाइल्ड. रीड. टुडे."

"मंजे काय?" जानू पाटील.

"मी आज या मुलाचं वाचन ऐकलं," रुतिकाने सांगितलं.

"जमीन लिवलीय का कुटं?"

रुतिकाने पुन्हा पहिल्या ओळीपासून बोट फिरवलं. कागद उलटून मागची बाजूही बघितली. "नाही. नुसतं ऐकलं, एवढंच लिहिलंय."

गर्दीतून मोठा निःश्वास निघाला. मग कुणीतरी हसलं आणि सगळेच हसले. बाईंना हसू येईना, त्यांचे डोळे भरून आले होते. आठ वर्षांच्या मुलीने न घोकलेलं इंग्रजी अख्ख्या गावासमोर वाचलं होतं, आणि गावाने तिच्यावर विश्वास ठेवला होता. सुनयना मॅडमनी पेन काढलं आणि ऐकणाऱ्याच्या रेघेवर स्वतः सही केली. "चालू ठेवा," एवढंच म्हणाल्या.

चहा मागवला गेला. तोवर जानू पाटील आणि चंद्राबाई कोपऱ्यात काहीतरी कुजबुजले, कुणाच्या तरी वहीचं पान फाटलं, आणि पाटलांनी पायरीवर बसून चार ओळी लिहिल्या. पान बाईंपुढे आलं.

"तुमचा कागद आमी ऐकला. आता आमच्या कागदावर तुमची सई. इस्वास म्हनून."

"अहो, एक काय, दहा करते," बाई म्हणाल्या. त्यांनी पूर्ण नाव लिहून झोकदार सही केली, तारीख घातली आणि उत्साहाच्या भरात शिक्काही मारला.

सुनयना मॅडमनी पान उचलून मोठ्याने वाचलं. "मी, खाली सही करणारी, दर रविवारी सकाळी आठ वाजता देवळात येऊन गावातल्या मोठ्या माणसांना इंग्रजी कागद वाचायला शिकवीन. गाव पुरे म्हणेल तोपर्यंत." त्यांनी चष्मा काढला. "जयमालाबाई, वाचलंत ना हे?"

बाईंनी हातातला शिक्का पाठीमागे लपवला. सत्तावीस मुलं खिडकीतून बघत होती.

चंद्राबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "आसू द्या, बाई. आमच्या सासऱ्याचंबी आसंच झालं व्हतं."