गोमाजीच्या मानाची दवंडी

एका जंगलात, बाळांनो, आठवडी बाजार भरायचा. त्या बाजारात उंबराखाली गोमाजी खवल्या मांजराचं दुकान होतं. हिरडा, बेहडा, आवळकाठी. माल चोख, तोलणं सरळ. फक्त बोलताना गोमाजी समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे, आणि मोठा आवाज झाला की अंगाची गुंडाळी करून बसे. मग पोरंटोरं ‘ए दगड्या’ म्हणत त्याला टपल्या मारत.

आता बाजाराचा ढोल नेमका त्याच उंबराला टांगलेला. काहीही ठरलं की अस्वलदादा तो बडवून दवंडी देत. दवंडीशिवाय ठराव पक्का होत नसे. आणि ज्याच्यासाठी ठराव, त्याच्या दारात दवंडी. तेवढाच त्याचा मान.

एकदा गोमाजी बाजारप्रमुख सांबरताईंकडे गेला. जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, दोन गोष्टी. मला दगड्या म्हणू नये, ते लागतं. आणि ढोल दुसरीकडे न्यावा. तो वाजला की मी मिटतो, मी मिटलो की गिऱ्हाईक जातं. दुकान असं वरचेवर बंद दिसलं तर तुमच्या नियमानं जागाही जाईल."

सांबरताईंचे डोळे भरून आले. "ढोल जड आहे रे, तो काही हलायचा नाही. पण शब्दाचं आजच बघते."

त्यासाठी शब्दसमिती नेमली, तिची सभा बसली. पोपटराव म्हणाले, "गुंडाळीग्रस्त म्हणावं."

"ग्रस्त?" बगळेसाहेबांनी मान वळवली. "त्याच्या अंगात काय पूर आलाय? गुंडाळीसह जगणारा प्राणी म्हणा. आधी प्राणी, मग गुंडाळी."

"सह कसं? गुंडाळी म्हणजे त्याची पिशवी आहे का, घरी ठेवून यायला?"

गोमाजी कोपऱ्यातून म्हणाला, "मला नुसतं गुंडाळू म्हणा. बरं वाटतं ते. पण तो ढोल..."

"तुम्हाला बरं वाटतं हो," बगळेसाहेब मायेनं म्हणाले, "पण आम्हाला वाटायला नको?"

त्या दिवशी ‘ग्रस्त’ ठरलं. गोमाजीच्या दारात दवंडी झाली. गोमाजी मिटला. पुढच्या बाजारी ‘सह’ ठरलं. पुन्हा दवंडी. त्यानंतरच्या बाजारी ‘ग्रस्त’बद्दल दिलगिरी. तिची दवंडी जरा लांबलीच, कारण दिलगिरी मनापासून होती.

शेजारची घोरपडबाई गुंडाळीपाशी वाकून म्हणाली, "गोमाजीभाऊ, गिऱ्हाईक उभं आहे हो. हिरड्याचे किती सांगू?"

गुंडाळी काय सांगणार?

शेवटी नियमानं जागा गेली. ती शब्दसमितीच्या कचेरीला मिळाली.

गोमाजीनं नाल्यापलीकडे दुकान मांडलं. तिथे शांत होतं. हळूहळू गिऱ्हाईक नाला ओलांडू लागलं. "गोमाजी, पसाभर आवळकाठी दे," म्हणू लागलं. गोमाजी द्यायचा. जमिनीकडे बघून हसायचासुद्धा.

मग एका सकाळी घोरपडबाई धापा टाकत आली. "गोमाजीभाऊ, तुमचं नाव कायमचं ठरलं म्हणे. मान म्हणून दवंडी इथेच द्यायची आहे. अस्वलदादा ढोल घेऊन नाल्यात उतरलेत."

"ढोल तर जड होता ना?"

"चौघांनी उचललाय. तुमच्यासाठी म्हणून."

गोमाजीनं हातातली आवळकाठी पोत्यात टाकली आणि पोत्याचं तोंड बांधलं.

तात्पर्य: ज्याचा मान राखायचा, त्याला काय हवं ते विचारू नये. तो सांगून टाकतो, आणि मग सभेला काही काम उरत नाही.