फोल्डर तशी रीत

भानुदास कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी त्या फोल्डरची रीत विचारतो. म्हणजे तोंडानं विचारतो. जालना रोडवरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसून, स्क्रीनकडं बघत, "काय म्हणतंय हे घर?" असं पुटपुटतो. नवीन माणूस दचकतो. मी आता दचकत नाही, माझा चहा पीत बसते.

गोष्ट तशी साधी आहे. आम्ही ज्यात कोड लिहितो त्या एडिटरमध्ये प्रत्येक फोल्डरला वेगळी सेटिंग लावता येते: रंग, अक्षर, ओळ किती आत सरकवायची, सगळं. बाकीचे एकदाच सेटिंग लावून मोकळे होतात. भानुदासच्या एकेका फोल्डरचा थाट मात्र निराळा. दवाखान्याच्या कामाचा फोल्डर उघडला की स्क्रीन हिरवट होते आणि अक्षर ठसठशीत. सिल्लोडच्या मक्याच्या व्यापाऱ्याचं काम निघालं की स्क्रीन पिवळी.

"ताई, वरच्या फोल्डरचा नियम खालीबी चालतो. पण आतल्यानं स्वतःचा केला आसंल, तर मग आतल्याचाच चालतो. पाव्हण्यानं तिथं मान हालवायची," असं तो मला समजावतो. हा माणूस कॉम्प्युटर शिकवतोय का सोयरीक जमवतोय, तेच कळत नाही.

मध्यंतरी नवे मॅनेजर आले आणि त्यांनी फतवा काढला, सगळ्या फोल्डरांना एकच सेटिंग. भानुदासनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, जालना रोड आन् खुलताबादचा घाट एकाच गिअरमधी नाय चालत." साहेबांनी हट्टानं चालवून बघितलं. संध्याकाळपर्यंत फायलींतल्या ओळी आतबाहेर सरकल्या आणि दवाखान्याचं काम बंद पडलं. फतवा गुपचूप मागं गेला. भानुदासनं साहेबांना एका शब्दानं डिवचलं नाही, उलट चहा पाजला. मी असते तर सोडलं नसतं.

त्याचा दुसरा नाद रिकाम्या फोल्डरांचा. आम्ही काम साठवतो ती सिस्टीम रिकामा फोल्डर ठेवतच नाही, सोडून देते. म्हणून पुढं लागणारा फोल्डर हा आधीच करून ठेवतो आणि आत सेटिंगची एवढीशी फाईल टाकतो.

"नवरीचा पत्ता नाही आणि तुम्ही मांडव घालताय," मी चिडवते.

"आत आपलं कायतरी आसावं, ताई. मंग घर मोडत नाय."

परवा त्याच्या बायकोनं, सुनीतानं, मला जेवायला बोलावलं. फ्लॅट एकदम चकाचक. पण एका खोलीत पलंग नाही, पंखा नाही. खाली घोंगडी, खिडकी सताड उघडी आणि कोपऱ्यात एक उंच काठी.

"अण्णांची खोली," सुनीता म्हणाली. "एक कपाट तरी ठेवू द्या म्हणते, तर ह्यांचं नाय म्हणजे नाय."

अण्णा म्हणजे भानुदासचे वडील. सिल्लोडकडं गावात मेंढरं राखतात. मागं इथं कायमचं राहायला म्हणून आले होते. बंद दारात, पंख्याखाली झोप लागेना, म्हणून आठवडाभरात उठून गेले. ते भांडले नाहीत, रुसले नाहीत, हेच भानुदासला लई लागलं. मग त्यानं ही खोली त्यांच्या रीतीची केली. पण अण्णा काही आले नाहीत.

"हे रोज इथंच बसून अण्णांना फोन लावतात," सुनीता हळूच म्हणाली. इतके दिवस मी या माणसाला हसत होते.

जेवण झाल्यावर भानुदासनं घोंगडीवर मांडी घातली आणि व्हिडिओ कॉल लावला. साहेबांना तोंडावर सुनावणारा हा माणूस वडिलांपुढं लहान पोरासारखा बोलत होता.

"अण्णा, पंखा काढलाय. खिडकी उघडीच ऱ्हाती."

"व्हय, व्हय," तिकडून आवाज आला.

"तुमची काठी हितंच हाय. इसरून गेला व्हता तुम्ही. गावाकडं पाठवून देऊ का?"

मागं मेंढरं ओरडत होती, म्हणून अण्णांनी फोन तोंडाजवळ धरला.

"इसरलो नव्हतो," अण्णा म्हणाले. "ठिवून आलोय. आपलं कायतरी आसावं म्हणलं तिथं."

भानुदासनं फोन माझ्या हातात दिला आणि डोळे पुसत खिडकीकडं वळला. सुनीतानं कपाटाचा विषय परत काढला नाही.