मुलाणी तात्या आणि मोठ्या माणसांची कपाटं

मुलाणी तात्या कुणाच्या घरी गेले की आधी पुस्तकांचं कपाट शोधतात. यजमान "या, बसा" म्हणत असतात, आतून पाण्याचा तांब्या येत असतो आणि तात्या कपाटासमोर मान कलती करून उभे. पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचायची तर मान वाकडी करावी लागते. त्यातून काही प्रकाशक ती नावं वरून खाली छापतात, काही खालून वर. त्यामुळे तात्यांची मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे अशी हलत राहते. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात आमच्या व्याह्यांना वाटलं, या गृहस्थांना मानेचा त्रास आहे. त्यांनी आपुलकीनं बारामतीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. तात्यांनी ते डायरीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टरांकडं पुस्तकं हायत का? किती नग?"

पुस्तकाला ते कधी पुस्तक म्हणत नाहीत. नग म्हणतात. वालचंदनगरला कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. बेअरिंग, बोल्ट, वॉशर, जे येईल ते नगावर मोजायचं, कार्डावर चढवायचं आणि फळीवर ठेवायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंदापुरात दोन खोल्या बांधल्या. बाकीची माणसं निवृत्तीनंतर शेत बघतात, नाहीतर कट्ट्यावर बसतात. तात्यांनी इतिहासातल्या नामांकित वाचकांच्या पुस्तकसंग्रहांच्या याद्या करायला घेतल्या.

माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. उतारे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं हा माझा रोजचा माल. पाचेक वर्षांपूर्वी तात्या पहिल्यांदा आले ते कागदांचा जाडजूड गठ्ठा घेऊन. वर एका जुन्या संस्थानच्या राणीसाहेबांचं नाव होतं. मला वाटलं, वाटणीपत्र असेल.

"वारस किती आहेत?" मी विचारलं.

"वारस न्हायत ताई. नग सहाशे बारा."

राणीसाहेबांना जाऊन शंभर वर्षं होत आली होती. त्यांच्या दिवाणखान्यातली पुस्तकं आता एका संग्रहालयात होती. तात्या तीन वेळा एसटीनं तिकडं जाऊन ती सगळी लिहून घेऊन आले होते. यादीत सात रकाने होते. सहावा 'स्थिती' असा होता आणि पहिल्या पन्नास पुस्तकांपुढे त्यांनी 'गंज नाही' असं लिहिलं होतं. एक्कावन्नाव्यापासून 'वाळवी नाही' सुरू झालं.

"हे कशासाठी करता?" असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"मोठ्या माणसानं लिवलं काय, ते शाळंत शिकवत्यात. त्यानं वाचलं काय, त्याची नोंद कुटं हाय? गेटातनं बाहेर गेलेल्या मालाची नोंद ठेवायची आन आत आलेल्याची न्हाय, असं स्टोअर चालंल का?"

मी टाइप करायला बसले. तेव्हापासून तात्यांच्या सगळ्या याद्या मीच टाइप करते.

या कामात त्यांना अडचणी पुष्कळ. बहुतेक ठिकाणी कपाटांना कुलूप असतं आणि काचेतून लांबून बघावं लागतं. म्हणून तात्यांनी जुन्या बाजारातून एक दुर्बीण आणली. एकदा पुण्यात एका समाजसुधारक न्यायाधीशांच्या जतन केलेल्या खोलीत ते दोरीच्या अलीकडे उभे राहून दुर्बिणीतून बघत होते. रखवालदारानं विचारलं, "काय बघताय?"

"तिसरा कप्पा," तात्या म्हणाले.

रखवालदारानं साहेबांना बोलावलं. साहेबांनी तात्यांची वही चाळली आणि तासाभरानं कपाट उघडून दिलं. तिथंच तात्यांना एक शोध लागला. जुन्या काळच्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली यायची, वाचणाऱ्यानं ती चाकूनं कापायची. न्यायाधीशांना जो जाडजूड इंग्रजी ग्रंथ मुखोद्गत होता असं त्यांच्या प्रत्येक चरित्रात छापलंय, त्याची पानं चाळिसाव्या पानापुढं कापलेलीच नव्हती.

मला हसू आलं. तात्यांना आलं नाही. "हसताय कशाला ताई? चाळीस पानं वाचली की त्यांनी. कोर्टाचं काम बघून." आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी मला लिहायला लावलं, 'चाळीस पानांपर्यंत वापरात.'

गेल्या उन्हाळ्यात माझ्या दुकानात निरवांगीचा संदीप आला. बंगल्याच्या परवानगीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. संदीपचे पणजोबा म्हणजे निरवांगीचे रावसाहेब. आमच्या तालुक्यात त्यांच्या वाचनाच्या गोष्टी अजून सांगतात. नांगर धरतानाही त्यांच्या एका हातात पुस्तक असायचं आणि जमिनीत उमटणारं नांगराचं तास सरळ जाण्याऐवजी शेजाऱ्याच्या रानात शिरायचं, म्हणे. शेजारी भांडायला आला की ते त्यालाच बांधावर बसवून वाचून दाखवायचे. इंग्रजांच्या काळात पोलीस झडतीला आले तेव्हा कडब्याच्या गंजीत बंदुका सापडतील म्हणून पोलिसांनी गंजी उपसली, तर आत पुस्तकं निघाली.

संदीप म्हणाला, "जुन्या घरात त्यांची पुस्तकं पडल्यात, सहा पोती. उद्या सांजच्याला बारामतीचा रद्दीवाला टेम्पो घिऊन येतोय."

तात्या कोपऱ्यातल्या स्टुलावर चहा पीत होते. ते उठले.

"पोती न्हवं. नग किती?"

"कुणी मोजलेत, तात्या?"

"मग न्यायचं कसं? आजचा दिस आन उद्याचा दिस मला द्या. नोंद झाली की मग खुशाल न्या."

संदीपला यात काही हरकत घेण्यासारखं दिसेना. मी दुकान पुतणीवर सोपवलं आणि लॅपटॉप घेऊन तात्यांबरोबर गेले. खरं सांगायचं तर मला रावसाहेबांची पुस्तकं बघायची होती.

ओसरीवर चादर अंथरून आम्ही पोती सोडली. तात्या पुस्तक काढायचे, फडक्यानं पुसायचे, नाव, भाषा, पानं, स्थिती सांगायचे आणि मी टाइप करायची. संदीपची आई येता जाता ताक आणून ठेवत होती. मोडीतल्या वह्या निघाल्या, गुरांच्या रोगांची पुस्तकं निघाली, रशियाच्या राज्यक्रांतीवरची निघाली, पाकशास्त्रावरही एक निघालं. समासात पेन्सिलीनं रावसाहेबांचे शेरे होते. 'हे खोटे आहे.' 'हे आपल्याकडे जमेल.' 'लेखकाने ऊस पाहिलेला नाही.' तात्या तेही मला जसंच्या तसं टाइप करायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचवं पोतं चालू होतं. तात्यांनी एक कादंबरी बाहेर काढली. हिरवं मुखपृष्ठ, त्यावर टांग्यातून उतरणारी छत्रीवाली बाई. रावसाहेबांच्या मागं घरातल्या कुणीतरी घेतलेली असावी, कारण ती तेवढी जुनी नव्हती. तात्यांनी ती पुसली, मग पुन्हा एकदा पुसली. मी बोटं तयार ठेवून थांबले होते.

"नाव सांगा, तात्या."

ते पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिले. मग सावकाश नाव सांगितलं, पानं सांगितली. स्थिती सांगितलीच नाही. पुस्तक पोत्यात न टाकता त्यांनी शेजारी ठेवलं.

चारच्या सुमारास टेम्पो आला. सहा पोत्यांची यादी पूर्ण झाली होती. रद्दीवाल्यानं पहिल्या पोत्याला हात घातला आणि तात्या त्या पोत्यावर बसले.

"हे जायाचं न्हाय," ते म्हणाले.

संदीप गोंधळला. "तात्या, तुमीच म्हणला व्हता, नोंद झाली की न्या."

"म्हणलो व्हतो. चुकलं माझं."

"आता मी ही ठिवू कुठं? घर उद्या पाडायला घ्यायचंय."

"त्ये मला ठावं न्हाय. पर हे जायाचं न्हाय."

पाच वर्षांत तात्यांचा आवाज असा मी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण त्यात पुढं बोलणं नको असं काहीतरी होतं. रद्दीवाला समंजस निघाला. तो पायरीवर टेकला आणि ताक मागितलं. शेवटी संदीपच्या आईनं तोंड उघडलं. "गावच्या शाळंत एक खोली मोकळी हाय. हेडमास्तरीण बाई कवापासनं पुस्तकं मागत्यात. तितं द्या की." संदीपनं फोन लावला. बाई लगेच हो म्हणाल्या. पोती रद्दीवाल्याच्याच टेम्पोतून शाळेत गेली आणि तात्यांनी ती उतरताना पुन्हा एकदा नग मोजून घेतले. हिरवी कादंबरी त्यांनी स्वतःच्या हातानं फळीवर ठेवली.

"तुम्हाला पाहिजे तर मागून घ्या ना," मी म्हणाले. "संदीप देईल."

"रावसाहेबांच्या यादीतला नग हाय तो. तितंच ऱ्हावा."

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. बाहेरचा ऊस बघता बघता आपण होऊन सांगायला लागले.

त्यांच्या पत्नीचं नाव जमिला. तात्यांची नोकरी संपायला वर्ष राहिलं असताना त्या गेल्या. सातवी शिकलेल्या होत्या आणि वाचनाचं वेड होतं. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवून त्या भाकरी थापायच्या. तात्या ड्यूटीवरून आले की पहिलं ते पुस्तक दिसायचं; त्यातलंच एक छत्रीवाल्या बाईचं. नंतर क्वार्टर सोडायची वेळ आली. तात्यांना तिथं एक दिवस जास्त थांबवत नव्हतं. सामान बांधताना दारावर रद्दीवाला आला आणि तात्यांनी पत्नीची सगळी पुस्तकं त्याला देऊन टाकली.

"एक्केचाळीस नग," तात्या म्हणाले. "नग तेवढं मोजलं मी. सवय. नाव एकाचंबी लिवून घेतलं न्हाय. सारी उमर दुसऱ्याच्या बोल्टाची नोंद ठिवली, आन घरातली..."

त्यांनी खिडकीची काच लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर येऊन बसले होते. खिशातून घडी झिजलेला एक कागद काढला. गेल्या काही वर्षांत आठवेल तसं त्यावर लिहिलेलं होतं. नऊ पुस्तकं. त्यातली सात तर नुसत्या खुणांवरून. 'निळं, कोपरा उंदरानं खाल्लेला.' 'हसायची, ते.' 'ज्यात शेवटी थोरली बहीण परत येते.' दहाव्या ओळीवर कालच्या कादंबरीचं नाव नुकतंच घातलेलं होतं, पेनची शाई वेगळी होती.

"यादी करायची," ते म्हणाले. "बाकीच्यावानीच. सात रकानं."

मी दहा नोंदी टाइप केल्या. खालच्या एकतीस ओळी आकडे घालून मोकळ्या सोडायला त्यांनी सांगितलं, त्या सोडल्या. मग वर मथळा घेतला, 'जमिला मुलाणी यांचा ग्रंथसंग्रह'. तात्यांच्या प्रत्येक यादीत मथळ्याखाली त्या व्यक्तीची ओळख एका ओळीत असते. संस्थानाधिपती, न्यायाधीश, स्वातंत्र्यसैनिक, असं काहीतरी.

"खाली काय लिहू, तात्या?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला.

"लिवा," ते म्हणाले, "वाचक."