झोप नसल्याचा पुरावा

सत्याला पुराव्याची गरज नसते, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. या थोरामोठ्यांपैकी कुणी विनंती बदलीचा अर्ज केलेला नसावा.

वैजनाथ पटारेंनी केला होता. पटारे पंचायत समितीत वरिष्ठ सहायक. आस्थापनेचं टेबल त्यांच्याकडे, आवक-जावकही त्यांच्याकडेच. घर श्रीरामपूरला, ऑफिस जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, आणि मध्ये दोन एसट्या. पहाटे पावणेपाचला उठायचं, साडेपाचची गाडी धरायची, नेवासा फाट्याला उतरून दुसरी येईपर्यंत उभं राहायचं, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमानं करायचं. याला चार वर्षं झाली होती. वय बावन्न होतं, पण फाट्यावरचा चहावाला त्यांना दोन वर्षांपासून 'बाबा' म्हणत होता.

अर्जात त्यांनी लिहिलं होतं की प्रवासामुळे झोप पूर्ण होत नाही, प्रकृती ढासळते आहे, तरी श्रीरामपूरला बदली व्हावी. दरवर्षी असे अर्ज एप्रिलच्या तीस तारखेपर्यंत नगरला पोचवायचे, आणि सोबत बीडीओ साहेबांची शिफारस लागायची. बीडीओ बोराटे साहेबांनी अर्ज आठ दिवस ठेवून घेतला आणि लाल शाईत शेरा मारून परत केला : 'झोप होत नसल्याबाबत पुरावा जोडावा.'

पटारे डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "ताप असला तर सर्टिफिकेट देतो. झोप लागत नाही याचं कसं देऊ? रात्री तुमच्या उशाशी येऊन बसू का?"

घरी आल्यावर जया, त्यांची मुलगी, म्हणाली, "पप्पा, घड्याळ घ्या."

"हाय की. लग्नातलं हाय."

"ते वेळ दाखवतं. हे झोप दाखवतं. किती वाजता लागली, कधी मोडली, सगळं मोबाईलवर येतं. प्रिंट काढून लावून टाका अर्जाला."

"झोप बघायला घड्याळ कशाला?" ज्योतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मी चार घरांपल्याड जाऊन झोपले तरी मला ऐकू येतं, झोपलेत का जागे हायेत ते."

"घोरनं येगळं आन् झोप येगळी," पटारे म्हणाले. पण हा मुद्दा अर्जात घालण्यासारखा नव्हता.

घड्याळ आलं. जयानं ते मोबाईलला जोडलं, उंची-वजन भरलं, जन्मतारीख भरली. मग एकेक विचारत गेली. "नाडी मोजायची?" मोजायची. "दर तासाला उठायची आठवण?" असू दे. "दुपारची झोप?"

इथं पटारे जरा थांबले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ते एक शिकले होते, रकाना रिकामा राहिला की त्रुटी निघते. "जे जे असेल ते समदं चालू ठिव," ते म्हणाले. "माहिती अर्धवट नको."

पहिल्याच सोमवारी आढावा बैठक होती. बोराटे साहेब नवीन होते, आणि त्यांना बोलणं आवडत असे. साहेब घरकुलांच्या थकलेल्या हप्त्यांवर बोलत असताना पटारेंच्या मनगटाला मुंग्या आल्यासारखं झालं आणि ते दचकून उभे राहिले.

"काय पटारे?"

"काही नाही साहेब."

"मग बसा."

पटारे बसले. त्यानंतर त्यांनी डावा हात टेबलावर असा ठेवला की जणू तो ऑफिसच्या जडसंग्रहात, खुर्ची-कपाटांबरोबर नोंदलेला आहे. बैठकीत कसं बसावं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. डोळे उघडे, पाठ सरळ, हातात पेन, दर चौथ्या वाक्याला मान खाली. आतून माणूस कुठंही असू शकतो. पटारे बहुधा नेवासा फाट्यावर असत.

पंधरा दिवस झाले. जयानं झेरॉक्सच्या दुकानातून पंधरा पानं काढून आणली. पहिल्या पानावर वरच मोठ्या अक्षरात होतं, रात्रीची झोप तीन तास चाळीस मिनिटं. पटारेंना इतकं बरं वाटलं की त्यांनी पुढं काही पाहिलं नाही. तसंही कागद वाचणं हे त्यांचं काम नव्हतं. आलेल्या कागदावर क्रमांक टाकायचा, सही करायची, फाईलला लावायचा. वाचायला लागलं की शंका येतात, आणि शंका आल्या की काम वाढतं. त्यांनी प्रत्येक पानावर 'स्वयंसाक्षांकित' लिहून सही केली, पानांना नंबर दिले, टॅग बांधला आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. तारीख एकवीस होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्यांच्यासमोर पंधरा पानं पसरलेली होती. साहेब कागद वाचतात, ही बातमी ऑफिसात अजून कुणाला नव्हती.

"पटारे, रात्रीची झोप तीन तास चाळीस."

"होय साहेब." पटारेंनी चेहरा शक्य तितका ओढला.

"आणि दुपारची एक तास बावीस मिनिटं. गाढ. दोन्ही सोमवारी. अकरा पन्नास ते एक बारा."

पटारेंनी मान वाकडी करून पानाचा तो भाग पहिल्यांदाच पाहिला.

"सोमवारी अकरा पन्नासला तुम्ही कुठं असता?"

"आपल्या आढावा बैठकीत, साहेब."

"आणि मी काय करत असतो?"

"आपण बोलत असता, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "नोटीस काढा. कारणे दाखवा."

"कुणाला साहेब?" पटारेंनी सवयीनं विचारलं.

नोटिसा काढणं हे आस्थापनेच्या टेबलाचं काम. पटारे आपल्या जागेवर गेले, कॉम्प्युटरवर जुना नमुना उघडला आणि नाव बदलून टाईप करायला बसले. शिपाई गोरक्षनाथ चहा ठेवायला आला आणि पडद्यावर बघत उभा राहिला.

"भाऊसाहेब, कुनाला नोटीस?"

"मला."

"आन् काढतंय कोन?"

"साहेब काढत्यात. टाईप मी करतोय."

"मंग जरा मऊ लिवा की. आपलाच मानूस हाय."

पटारेंनी विचार केला. नमुन्यात 'हेतुपुरस्सर' असा एक शब्द होता. हेतुपुरस्सर झोप लागत असती तर बदली मागायची वेळच आली नसती, म्हणून तो त्यांनी काढला. साहेबांनी लाल शाईनं परत घातला. जावक क्रमांक पडला. गोरक्षनाथनं नोटीस पटारेंच्या टेबलावरून उचलली, साहेबांच्या सहीला नेली, आणून पटारेंच्या टेबलावर ठेवली आणि वही पुढं केली. "पोच द्या."

खुलासाही त्यांनीच लिहिला, की मी बैठकीत पूर्ण जागा होतो, आणि पुरावा म्हणून त्या दोन्ही बैठकांची इतिवृत्तं जोडत आहे, जी मीच लिहिली आहेत. खुलासा आला की त्यावर टिपणी ठेवावी लागते. तीही त्यांचीच. 'संबंधिताचा खुलासा प्राप्त. खुलासा समाधानकारक वाटतो / वाटत नाही. आदेशार्थ सादर.' दोन्हींपैकी एक खोडायचं असतं. पटारेंनी दोन्ही तसंच ठेवलं.

"यातलं काय?" साहेबांनी विचारलं. "टेबलाचं मत काय आहे?"

"साहेब, टेबल म्हणजे मीच."

"मग तुमचं तुमच्याबद्दल काय मत आहे?"

हा प्रश्न पटारेंना घरात किंवा बाहेर आजवर कुणी विचारला नव्हता. "साहेब, मी जागाच होतो," ते म्हणाले. "जागा असल्याशिवाय माणसाला इतकं दमायला होत नाही."

साहेबांना हे नीटसं कळलं नाही. पण माणूस न्यायाचा होता. "प्रत्यक्ष पडताळणी करू. येत्या सोमवारी. तुम्ही समोरच्या खुर्चीत बसायचं."

"साहेब, गुरुवारी तीस तारीख आहे. अर्ज नगरला..."

"आधी झोपेचं बघू. मग बदलीचं."

त्या सोमवारी पटारेंनी फाट्यावर दोन आणि ऑफिसात एक असे तीन चहा घेतले. बैठकीत ते साहेबांच्या अगदी समोर बसले, घड्याळाचा हात टेबलावर. मागे गोरक्षनाथला पाटी-कागद देऊन उभं केलं होतं. दर पाच मिनिटांनी पुढं येऊन पटारेंच्या डोळ्यांत बघायचं आणि उघडे का मिटलेले ते लिहायचं. बाकीचे दहाजण साहेबांकडे बघायचं सोडून पटारेंकडे बघत होते, त्यामुळे त्या दिवशी कुणालाच झोप आली नाही.

साहेब घरकुलांपासून निघाले, पाणीपट्टीवरून वळसा घेऊन शौचालयांच्या फोटोंपाशी आले आणि परत घरकुलांकडे गेले. पटारेंनी पापणीसुद्धा जपून हलवली. पुढचं वाक्य काय येणार हे त्यांना आधीच माहीत होतं, कारण इतिवृत्तात ते त्यांनी दोनदा लिहिलं होतं. वरचा पंखा एका फेरीत तीनदा कुरकुरत होता. एकदा मांडीला चिमटाही काढून झाला.

पावणेदोनला बैठक संपली. साहेबांनी आधी गोरक्षनाथचा कागद मागवला. बावीस नोंदी, बावीसही 'उगडे'. फक्त बारा पस्तीसच्या नोंदीपुढं लिहिलं होतं, 'उगडे, पन बगत न्हवते.'

मग पटारेंनी मोबाईल पुढं केला. पडद्यावर एक हिरवा गोल होता आणि त्याखाली आकडे. गाढ झोप, एक तास एकतीस मिनिटं. मागच्या वेळेपेक्षा नऊ मिनिटं जास्त.

बारा माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं की पटारे जागे होते. मग घड्याळ असं का म्हणतं, याचं उत्तर खोलीतल्या प्रत्येकाला सुचलं होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्यानं ते बोलायची वाट बघत होता.

"म्हणजे?" साहेब म्हणाले. आवाज थंड होता.

विस्तार अधिकारी पंकजा गर्जे मॅडमनी घसा साफ केला. मे महिन्यातली त्यांची वीस दिवसांची रजा साहेबांकडं सहीला पडून होती. त्यांनी मोबाईल हातात घेतला, आणि मग ती पंधरा पानं चाळली.

"सर, यांची नाडी बघा. आपण बोलत होता तेव्हा छप्पन."

"बरं मग?"

"रात्री घरी एक्क्याऐंशी असते. रोज. झोपेत सुद्धा."

"छप्पन?"

"छप्पन, सर. आपण बोलायला लागलात की यांचं शरीर इतकं शांत होतं, की घड्याळाला वाटतं माणूस झोपला. एवढ्यासाठी आमच्याकडचे लोक पैसे भरून ध्यानाच्या शिबिराला जातात."

साहेबांनी पानं स्वतःकडं ओढली. एक्क्याऐंशीखाली त्यांनी लाल रेघ मारली, छप्पनखाली दोन मारल्या. चेहरा हळूहळू मऊ झाला. "पटारे," ते म्हणाले, "कधी बोलला नाहीत."

"साहेब, मलाही आत्ताच कळतंय."

"नोटीस दफ्तरी दाखल करा. आणि अर्ज आणा. अभिप्राय आत्ताच सांगतो."

गुरुवारला अजून तीन दिवस होते. पटारे चार वर्षांत पहिल्यांदाच जिना उतरावा तसे झपझप आपल्या खुर्चीपर्यंत गेले, अर्ज घेऊन आले आणि पेन उघडून बसले. साहेब खिडकीबाहेर बघत सांगू लागले.

"लिहा. सदर कर्मचाऱ्याने जोडलेल्या पुराव्यावरून असे दिसून येते की, त्यांना राहत्या घरी पुरेशी विश्रांती मिळत नाही. तथापि, या कार्यालयात मिळते. लिहिलं?"

"लिहिलं साहेब."

"सबब, घराजवळ बदली केल्यास त्यांच्या प्रकृतीवर विपरीत परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही. कर्मचाऱ्याच्या हितास्तव बदलीची शिफारस करता येत नाही." साहेब वळले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरची माया होती. "आणि बैठक आता गुरुवारीपण ठेवत जाऊ. खास तुमच्यासाठी."

"आभारी आहे साहेब," पटारे म्हणाले. ही मात्र सवय होती.

गोरक्षनाथनं लखोटा हातात घेऊन वजन केल्यासारखा धरला. "भाऊसाहेब, ह्यो कागद नगरला न्हाई धाडला तर न्हाई का चालनार? हितंच कुटं तरी गहाळ हुईल."

"क्रमांक पडलाय, गोरख."

फाट्यावरून त्यांनी घरी फोन लावला. ज्योतीबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"नोटीस माघारी घेतली."

"आन् बदली?"

"पुरावा एकदम चांगला हाय म्हनले."

दहा दिवसांनी नगरहून उत्तर आलं. गोरक्षनाथनं ते टपालातून काढून थेट पटारेंच्या हातात दिलं, आणि पटारेंनी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा एक कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यात शिफारशीबद्दल काही नव्हतं, झोपेबद्दल नव्हतं, नाडीबद्दल नव्हतं. एवढंच होतं की चालू वर्षी विनंती बदल्या होणार नसून, तसं परिपत्रक मार्चमध्येच सर्व कार्यालयांना पाठवलेलं आहे, तरी असे अर्ज पुन्हा सादर करू नयेत.

पटारेंनी मार्चची परिपत्रकांची फाईल काढली. परिपत्रक जागच्या जागी लावलेलं होतं. वर कोपऱ्यात शिक्का होता, आवक क्रमांक एकशे बारा, आणि त्याखाली व्ही. जी. पटारे अशी सही.