देसांकाबाईंनी उतरवलेला ताप

रविवारी सकाळी रातोमिर कोठीच्या खोलीपाशी आला आणि जागच्या जागी थबकला. दार बंद होतं. ढकलून पाहिलं तर आतली खिडकीही बंद, आणि तिच्या फटीत कुणीतरी टॉवेल कोंबून ठेवलेला.

"हे दार कुणी लावलं?"

"मी," बाल्कनीतून सासूबाईंचा आवाज आला. तिथे त्या लाल मिरच्या भाजत बसल्या होत्या. "खिडकीही मीच लावली. इकडे बाल्कनी उघडी, तिकडे खिडकी उघडी. घरातून आरपार वारा जातोय आणि तुम्ही खुशाल अनवाणी हिंडताय, जावईबापू."

"आई, ऑगस्ट महिना आहे. खाली रस्त्यावरचं डांबर वितळतंय."

"माझ्या मावसबहिणीचं तोंड ऑगस्टमध्येच वाकडं झालं. अजून सूप एकाच बाजूनं पिते."

त्या मावसबहिणीपुढे बोलायची सोय नव्हती. रातोमिरनं दात-ओठ खात टॉवेल उपसला आणि खिडकी उघडली. लोणच्याच्या आणि जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्यांमध्ये, फळीवर त्याचा सर्व्हर घरघरत होता. हात लावला तर चटका बसला.

रातोमिर सर्बियातल्या लेस्कोवात्स गावात लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबायचा, त्यामुळे जग आपल्याशिवाय नीट चालत नाही अशी त्याची पक्की समजूत झालेली. 'काफिला' या खेळात त्याला हेच समाधान मिळे. खेचरांवर मीठ, लोकर, मध लादायचा आणि डोंगरातल्या खिंडी ओलांडून विकायचा, असा तो खेळ. तो अजून बाजारात आला नव्हता. नोवी सादमधली चार पोरं तो बनवत होती आणि रातोमिरसारखी हौशी मंडळी कच्ची आवृत्ती खेळून तिच्यातल्या खोड्या कळवत होती. रातोमिर आणखी पुढे गेला होता. खेळातलं सगळं जग त्यानं स्वतःच्या मशीनवर बसवलं होतं. लिस्बनमधला माणूस खेचर हाकायचा तो खरं तर रातोमिरच्या लोणच्याशेजारी, आणि त्याला त्याचा पत्ताही नसायचा.

हे सगळं फुकट, बरं का. वर शिव्या. सर्व्हर जरा अडखळला की लोक लिहायचे, "हा काय बटाट्यावर चालतो का?" फुकटच्या पंगतीत बसायचं आणि मीठ कमी म्हणून बोंब मारायची, अशी ही जमात. रातोमिर प्रत्येकाला सविस्तर उत्तर द्यायचा, आणि त्यातलं एकही उत्तर छापण्यासारखं नसायचं.

त्याला हवी होती एकच गोष्ट. खेळ संपला की पडद्यावर आभाराची नावं सरकतात, त्यांत त्याचं नाव. दोन वर्षं त्यानं खोड्या शोधशोधून कळवल्या आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं, "हे आम्हाला आधीच माहीत आहे, धन्यवाद." शेवटी त्या पोरांचा म्होरक्या वुकान म्हणाला होता, "रविवारी दुपारी सगळे खेळाडू एकाच वेळी तुमच्या सर्व्हरवर सोडतो. टिकला तर तुमचं नाव घातलंच म्हणून समजा." आणि नेमक्या त्याच रविवारी सासूबाई मिरच्यांची पोती घेऊन हिवाळ्याची बेगमी करायला मुक्कामी आल्या होत्या.

जेवणं होईस्तोवर दार आणखी दोनदा बंद झालं. मग रातोमिरनं स्क्रू काढले, दारच बिजागरीतून उतरवलं आणि पलंगामागे उभं केलं.

"काय हे?" त्याच्या बायकोनं, स्लावित्सानं विचारलं.

"तुझ्या आईला लावायला दारच ठेवलं नाही."

सासूबाईंनी शांतपणे तिथे घोंगडी टांगली. रातोमिरनं घोंगडी काढली आणि स्टुलावर पंखा मांडून त्याचं तोंड थेट मशीनकडे केलं. ते पाहून सासूबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली.

"स्लावित्सा, याला समजाव गं. वारा, आणि तोही थेट अंगावर?"

"आई, ते मशीन आहे," स्लावित्सा मिरच्यांची सालं काढत म्हणाली. "तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस. आणि रातोमिर, तू माझ्या आईच्या वाटेला जाऊ नकोस. मला या मिरच्या आज संपवायच्या आहेत."

दुपारी रातोमिर झोपायच्या खोलीतल्या संगणकापुढे बसला. खेळाडू येऊ लागले. खिंडीच्या तोंडाशी खेचरांची ही गर्दी जमली. पंखा घरघरत होता, सर्व्हर तग धरून होता, आणि वुकाननं लिहिलं, "झकास चाललंय." कितीतरी दिवसांनी रातोमिर हसला.

तिकडे सासूबाई, म्हणजे देसांकाबाई, मिठाची बरणी आणायला कोठीत गेल्या. भांडण त्यांच्या मनातही नव्हतं, हे सांगायलाच हवं. बरणी काढताना त्यांचा हात मशीनला लागला. त्यांनी बरणी खाली ठेवली आणि उलटा हात लावून पाहिला. तीन लेकरं आणि पाच नातवंडं वाढवलेली बाई. ताप काय असतो हे तिला शिकवायला नको.

"अगं बाई, नुसतं फणफणलंय," त्या पुटपुटल्या. "आणि वर पंखा सोडलाय मेल्यानं."

त्यांनी आधी पंखा बंद केला. मग रातोमिरचे हिवाळी लोकरीचे मोजे शोधले, व्हिनेगरच्या पाण्यात बुचकळले आणि मशीनच्या दोन्ही अंगांना लपेटले. राकियात, म्हणजे फळांच्या घरगुती दारूत, भिजवलेल्या फडक्यानं माथा पुसून घेतला, आणि ते फडकं जाळीदार झाकणावर तसंच ठेवून दिलं. थेंब थेंब राकिया आत उतरली.

पडद्यावर सगळी खेचरं एक पाय उचलून थांबली. मग पडदा काळा झाला.

रातोमिर धावत कोठीत आला. सर्व्हर त्याचेच मोजे घालून गपगार बसला होता आणि खोलीला लग्नघराचा वास येत होता.

"आता बघा कसं गार लागतंय," सासूबाई समाधानानं म्हणाल्या.

"आई, ते बंद पडलंय."

"ताप उतरला की पोर झोपतंच."

रातोमिरनं आधी वायर उपसली. त्यानं मोजे ओढून काढले, आतलं सगळं पुसलं, स्लावित्साच्या केस वाळवायच्या यंत्रानं सुकवलं आणि देवाचं नाव घेत बटण दाबलं. मशीन सुरू झालं, ही कृपाच. खेळाडू परतले आणि त्यांनी एकच जल्लोष केला. ज्याच्याकडे एक खेचर होतं त्याच्याकडे आता दोन होती. ज्याच्याकडे दहा, त्याच्याकडे वीस. मीठ दुप्पट, मध दुप्पट. खिंडीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. रातोमिरच्या डोळ्यांपुढे मात्र एक नाव पुसलं जात होतं.

तेवढ्यात वुकानचा फोन आला.

"रातोमिर, हे काय केलंत तुम्ही?"

"मी?" रातोमिरचा बांध फुटला. "मी काय केलं? दोन वर्षं फुकट राबलो, हे केलं. घरचं दार उखडलं, हे केलं. बाकी सगळं माझ्या सासूनं केलंय. देसांका स्तोइल्कोविच. लिहून घे."

"घेतलं. पण हे..."

"हेही लिही, की या प्रकाराशी माझा काडीचाही संबंध नाही. माझं नाव यात कुठे म्हणजे कुठेही येता कामा नये."

"नक्की ना? कारण आम्ही..."

"अरे, नक्की म्हणजे नक्की," म्हणून रातोमिरनं फोन आपटला.

पोरगा चिवट होता. दुसऱ्या दिवशी त्यानं घरच्या फोनवर फोन केला. तो सासूबाईंनीच घेतला, आणि दारावाचूनच्या कोठीपाशी उभा राहून रातोमिरनं एकीकडची बाजू ऐकली.

"हो बाळा, मीच. व्हिनेगर सफरचंदाचं... नाही नाही, सुती नको, लोकरीचेच मोजे... राकिया पाहुण्यांची नाही, चोळायची वेगळी असते... असं? सापडत नव्हतं? हिवाळ्यापासून?... अरे, मग त्यात काय, आईला नाही का विचारायचं... चौघं एकाच खोलीत बसता? खिडक्या लावलेल्या आहेत ना?"

खेचरं दुप्पट होतात अशी कुजबुज वुकानच्या कानावर हिवाळ्यापासून होती. ती कशी होतात हे मात्र कुणालाच दाखवता येत नव्हतं, कारण ऐन गर्दीत कुणाचा सर्व्हर इतका अचानक मरतच नव्हता. सगळे जिवापाड जपणारे. नोवी सादमध्ये त्यांनी एक जुनं मशीन घेतलं, देसांकाबाईंच्या सांगण्याबरहुकूम मोजे, व्हिनेगर, राकिया केलं, आणि खोडी सापडली.

"सांग ना त्यांना, रागाच्या भरात बोललो म्हणून," स्लावित्सानं नवऱ्याला समजावलं. "दार तू काढलंस. मोजे तुझे. तुझाही वाटा आहे."

"मी भीक मागणार नाही," रातोमिर म्हणाला. त्यानं एक पत्र लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. त्यांना स्वतःला कळायला नको का, असं त्याचं म्हणणं.

शरद ऋतूत खेळ बाजारात आला. रातोमिरनं जेवणखाण सोडून तो शेवटापर्यंत खेळला. नावं सरकू लागली. वुकानचं, बाकी तिघांचं, चित्रं काढणारीचं, संगीतवाल्याचं. मग एकटंच, मोठ्या अक्षरांत: 'विशेष आभार: देसांका स्तोइल्कोविच, लेस्कोवात्स.' त्यानंतर पडदा रिकामा झाला.

वुकानचा निरोपही आला होता. "तुमच्या इच्छेप्रमाणे तुमचं नाव कुठेही येऊ दिलेलं नाही. आमच्यातल्या एकीनं चुकून घातलं होतं, पण मला वेळेवर आठवलं. काढून टाकलं. काळजी नसावी."

त्या आठवड्यात, अजून मुक्कामीच असलेल्या सासूबाईंनी पडद्यावरची ती आभाराची ओळ शेजारच्या पेर्सिदाबाईंना तीनदा दाखवली. तिसऱ्या वेळी कॉफी पिता पिता पेर्सिदाबाईंनी बैठकीच्या खोलीत डोकावून पाहिलं. रातोमिर पडद्यापुढे पाठमोरा बसला होता.

"आणि तुमचे जावई काय करतात हो यातलं?"

"तो होय?" देसांकाबाई आवाज खाली आणत म्हणाल्या. "तो आपला खेळतो बिचारा."