पासवर्ड चोवीस अक्षरी, पाहुणा एक

छातीठोकपणे सांगतो, फिलिपिन्समधल्या इलोइलो बंदराच्या अख्ख्या धक्क्यावर संगणकाला माझ्याइतका जपणारा माणूस दुसरा नाही! म्हणजे, गेल्या शनिवारपर्यंत नव्हता.

आमच्या फेरीबोटींच्या तिकीट कचेरीत संगणक सांभाळणारे दोघं. मी, नेस्टर, लिनक्सवाला. आणि रोडेल, विंडोजवाला. तो माझ्या धाकटीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना ‘पारे’ म्हणतो. पण सुरक्षेचा विषय निघाला की नातं खुंटीला!

“पारे, तुझ्याकडे तर नावातच खिडक्या! चोरानं दार शोधायचं कशाला?”

“आणि तुझं लिनक्स इतकं सुरक्षित, की परवा तुलाच तिकीट छापता येईना!”

या रोजच्या भांडणाला मालकीणबाई, मॅडम पुरिता, विटल्या. “सेबूहून परीक्षक बोलावलाय. कधी येईल, कसा येईल, सांगणार नाही. शनिवारी पाचपर्यंत ज्याच्या संगणकात त्याला शिरता येणार नाही, तो संगणकप्रमुख! आणि त्याचीच प्रणाली सगळ्या कचेरीत!”

प्रमुख! माझ्या बायकोनं, रोविनानं, त्याच संध्याकाळी गल्लीभर सांगून टाकलं. आता हरलो असतो तर गल्ली बदलावी लागली असती.

मी चोवीस अक्षरी पासवर्ड रचला. रोडेलनं व्हायरसवर तीन-तीन पहारेकरी बसवले, वर पेनड्राइव्हच्या खाचांना चिकटपट्ट्या लावल्या. गुरुवार-शुक्रवार बाहेरून नुसत्या धडका! दोन्ही संगणक ढिम्म. बोलायची सोय नव्हती, पण मनातून मला रोडेलचंही कौतुक वाटलं.

शनिवारी वस्तीच्या संताचा फिएस्टा, म्हणजे आमची जत्राच. कचेरीतही टेबल मांडलेलं. पान्सितच्या शेवया, लुम्पियाच्या तळलेल्या गुंडाळ्या, भाजलेलं डुक्कर. दुपारी एक बारकासा, घामाघूम तरुण दारात घुटमळला. फिएस्टाच्या दिवशी आलेल्याला ‘कोण तू?’ विचारणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. आमच्या आईनं तसं शिकवलं नाही!

“ये रे, जेव आधी!” मी ताट भरलं.

“पुरे, काका...”

“पुरे कसलं? हाडं मोजता येतील तुझी!” रोडेलनं वर आणखी चार लुम्पिया टाकल्या.

पोरगा लाजत म्हणाला, “फोन बंद पडलाय. पोचलो म्हणून आईला कळवायचं होतं.”

आईला! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. “अरे, बस की माझ्या संगणकावर!” चोवीसच्या चोवीस अक्षरं मी स्वतः टाकली. वर त्याचं खासगी बोलणं दिसू नये म्हणून पाठ फिरवून उभा राहिलो.

हे रोडेलला कसं बघवणार? “पाहुण्याला असल्या उकाड्यात बसवतात, पारे? बाळा, माझ्याकडे ये, इथे पंखा आहे!”

“माझी खुर्ची मऊ आहे!”

“माझ्याकडे आईचा फोटोसुद्धा छापून मिळेल!” असं म्हणत रोडेलनं आपली चिकटपट्टी स्वतः सोलून काढली. मग मी इरेला पेटलो. “संध्याकाळी आमच्या घरीच ये जेवायला!” पत्ता लिहून दिला, शिदोरी बांधून दिली.

पाच वाजता मॅडमनी आम्हाला बोलावलं. दोन्ही पडद्यांवर त्याच पोराचा फोटो, तोंडात लुम्पिया! मॅडमनी परीक्षकाचा अहवाल वाचला. “लिनक्स उत्तम. विंडोज उत्तम. दोन दिवस डोकं फोडलं, एकाही संगणकात शिरता आलं नाही. मग जेवायला गेलो.”

मी रोडेलकडे पाहिलं, रोडेलनं माझ्याकडे.

“या आल्डविनलाच मी प्रमुख नेमलंय,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही दोघं त्याच्या हाताखाली. आणि हसताय काय?”

हसू आवरेना, काय करणार! रोडेल माझ्या खांद्यावर डोकं टेकून खिदळत होता. हरलो ते दोघं एकदम, याचाच आनंद झाला होता.

घरी पोचलो, तर दारावर फलक होता, ‘अभिनंदन, प्रमुख!’ सगळी गल्ली जमलेली, आणि टेबलाच्या टोकाला आल्डविन जेवत बसलेला.

“नेस्टर, किती गुणी रे तुझा पाहुणा!” रोविना म्हणाली. “मघापासून वाट बघत होता. बिचाऱ्याला आईशी बोलायचं होतं, म्हणून तुझा लॅपटॉप उघडून दिलाय मी.”

मी लुम्पियाची बशी साहेबांपुढे सरकवली.